सायकल हलकी, घाट भारी

आमच्या एदोगावात घाट नाही. घाट सोडाच, टेकडी म्हणावी असा उंचवटासुद्धा नाही. तोक्योच्या पूर्व टोकाला, पश्चिमेकडे आराकावा आणि पूर्वेकडे एदोगावा अशा दोन नद्यांच्या शेजारानं वसलेला हा भाग. इथली सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षाही खाली आहे. त्यामुळे नद्यांचे बांध आणि पुलांचे चढ हाच आमचा सह्याद्री!

अशा गावात सायकल चालणार नाही तर काय चालणार? निशी-कासाईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगायला नको. शाळा, भाजी, स्टेशन, डॉक्टर, सगळं सायकलवर. शेजारच्या कासाई स्टेशनच्या पोटात २००८ पासून जमिनीखाली सायकलतळ आहे. त्यात नऊ हजारांहून अधिक सायकली मावतात आणि बऱ्याचशा यंत्रच आत ओढून नेतं आणि परत आणून देतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मी डिस्नेलँडच्या आधी हे दाखवतो.

तर अशा या सपाट गावात राहून मला डोंगरात चालवायच्या सायकलीचं, म्हणजे माउंटन बाइकचं वेड लागलं. पहिली सायकल १३.८ किलोची होती. दोन वर्षं चालवल्यावर वाटायला लागलं, की आपण मागे पडतो ते या वजनामुळेच. मग कॅटलॉग आले, मग रात्री उशिरापर्यंत वाचन आलं आणि शेवटी १०.८ किलोची, कार्बनच्या फ्रेमची सायकल घरात आली. बरोबर तीन किलो कमी. किंमत इथे छापत नाही. घरभाड्याच्या पटीत मोजावी लागेल.

आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "अहो, तीन किलो कमी करायला एवढे पैसे? त्यापेक्षा रात्रीचा भात सोडा. फुकटात होईल."

मी हसण्यावारी नेलं. आज हा लेख लिहायला बसलोय तो त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं हे कबूल करायला. उरलेलं निम्मं आमच्या चिरंजीवांनी शिकवलं.

फुदो खिंडीतला तमाशा

चिरंजीव तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांच्याकडेही 'माउंटन बाइक' होती. जाडजूड फ्रेम, खरबरीत टायर, पुढे दोन स्प्रिंगा, वर झगझगीत रंग. स्वस्तात मिळाली होती. आपला हिशेब ठरलेला असतो ना, पोरगं वाढतंय, दोन वर्षांत सायकल लहान होईल, कशाला महाग घ्या! फ्रेमवर कांजीत एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती मी फार उशिरा नीट वाचली. खराब रस्त्यावर ही सायकल चालवू नये, असं तिच्यात लिहिलेलं होतं. जपानीत अशा सायकलीला 'रुक्कु-शा' म्हणतात, म्हणजे नुसतं रूप डोंगराचं.

शरद ऋतूत एका शनिवारी दोघं त्सुकुबा डोंगराकडे निघालो. इथे रेल्वेत सायकल न्यायची तर ती सुटी करून पूर्ण पिशवीत भरावी लागते. दोन्ही पिशव्या माझ्याच खांद्यावर. गाड्या बदलत, जिने चढत त्सुचिउराला पोचेपर्यंत माझा अर्धा जीव गेला, पण ते 'सायकलस्वाराचं तप' म्हणून मी गोड मानून घेतलं. तिथून जुन्या त्सुकुबा रेल्वेच्या मार्गावर केलेला सुंदर सायकलरस्ता आहे. १९८७ साली ती रेल्वे बंद झाली आणि आता रुळांच्या जागी सायकली धावतात. तिथवर सगळं मजेत.

मग फुदो खिंडीचा चढ लागला. साधारण चार किलोमीटर, सरासरी सात टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. मी नव्या सायकलीवर डुलत पुढे. चिरंजीव मागे, मग आणखी मागे, मग दिसेनासे. परत उतरून पाहतो तर रस्त्याच्या कडेला बसलेले, चेहरा लालबुंद. आणि मी काय करावं? भाषण दिलं. "अरे, तुझ्या वयाचे असताना आम्ही पुण्यात काळी लोखंडी सायकल चालवायचो, आडव्या दांड्याखालून पाय घालून! जोर लाव जरा!" वगैरे वगैरे. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे भाषण पाठ असतं.

तो काही बोलला नाही. उठला आणि चालायला लागला. थोड्या वेळानं मला लाज वाटली म्हणून सायकलींची अदलाबदल केली. त्यानं माझी ढकलायची, मी त्याची. शंभर पावलं गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुझी तर काहीच जड नाहीये."

खिंडीपर्यंत आम्ही चालतच गेलो. त्यानंतर तो सायकलीला हात लावेना. शाळेत चालत जायचा. "सायकल मला जमत नाही," एवढंच सांगायचा. हे वाक्य मात्र मला फार लागलं.

वजनकाटा काय म्हणाला

एका रात्री मी न्हाणीघरातला वजनकाटा बाहेर काढला. युक्ती सोपी आहे. आधी आपण एकटे उभे राहायचं, मग सायकल उचलून उभे राहायचं आणि वजाबाकी करायची. चिरंजीव ३२ किलो. त्याची सायकल १४.६ किलो. म्हणजे सायकल त्याच्या वजनाच्या जवळजवळ ४६ टक्के! माझं वजन ७८. त्याच्याएवढाच भार माझ्यावर टाकायचा तर मला ३५ किलोच्या वरची सायकल घेऊन घाट चढावा लागला असता. आणि मी मात्र १३.८ किलो जड होते म्हणून कार्बन घेतलं होतं. 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार आपण दुसऱ्यानं फसवल्यावर वापरतो; इथे मीच मला दाखवला.

त्यानंतर मी जरा पद्धतशीर गणित केलं. शाळेतलंच पदार्थविज्ञान आहे, घाबरू नका.

सायकल पुढे नेताना आपल्याला तीन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे चढ, अर्थात गुरुत्वाकर्षण. दुसरी, टायर रस्त्यावर दबत दबत फिरतो त्यात खर्च होणारी शक्ती. तिसरी, हवा. पहिल्या दोन गोष्टी वजनाच्या प्रमाणात वाढतात, पण कुठल्या वजनाच्या? नुसत्या सायकलीच्या नव्हे. माणूस, सायकल, पाण्याची बाटली, पाठीवरची पिशवी, खिशातला फोन, सगळ्यांच्या बेरजेच्या. तो किलो कार्बनच्या फ्रेममध्ये आहे का पोटावर आहे, हे घाट विचारत नाही. सौ. निम्म्या बरोबर होत्या त्या इथे.

माझी बेरीज, कपडे-पाणी धरून, ९४ किलो होती. नव्या सायकलीनं ९१ झाली. म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास घट. फुदो खिंडीसारखा चढ मी अर्ध्या तासात चढत असेन, तर हे तीन किलो मला साधारण एक मिनिट वाचवून देतात. फुजीच्या पाचव्या टप्प्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर दरवर्षी सायकलींची मोठी चढशर्यत होते. २४ किलोमीटर, सरासरी चढ ५.२ टक्के. माझ्यासारख्या हौशी माणसाला तिथे अडीच तास लागतील आणि त्यात तीन किलोंची बचत चार-साडेचार मिनिटांची. शर्यतीत नंबर काढायचा असेल तर ही मिनिटं सोन्याची. रविवारच्या सायकलस्वाराला ती एका घोट चहाएवढी.

आता चिरंजीवांची बेरीज. ३२ किलोचा मुलगा, किलोभर सामान आणि १४.६ ची सायकल, मिळून ४७.६. सायकल दहा किलोची केली तर एकूण भार साडेनऊ टक्क्यांनी उतरतो. माझ्या बाबतीत एवढा फरक पाडायचा तर जुन्या सायकलीतून नऊ किलो काढावे लागले असते, म्हणजे पाच किलोचीसुद्धा राहिली नसती! तशी सायकल कुठल्या दुकानात मिळते ते मला माहीत नाही. तेव्हा वजनावर खर्च करायचाच होता, तर तो त्याच्या सायकलीवर करायला हवा होता.

सपाटीवर कोण अडवतं?

घाट सोडून घरी येऊ. आराकावाच्या काठच्या रस्त्यावर सायकलींनी ताशी वीस किलोमीटरच्या आत राहावं असा नियम आहे, तेव्हा वीसच धरू. वारा नसताना, खरबरीत टायरांवर, माझ्यासारख्याला या वेगासाठी शंभर वॉटच्या आसपास शक्ती लावावी लागते. तीन किलो कमी केले तर वाचतात जेमतेम सव्वा वॉट. पायांना पत्ताही लागत नाही.

तेच खरबरीत टायर काढून त्याच रुंदीचे गुळगुळीत, चांगले टायर घातले आणि हवा नीट भरली, तर माझ्या अंदाजानं पंधराएक वॉट वाचतात. टायर-टायरमध्ये फरक असतो हे खरं, पण दिशा हीच. फुदोच्या चढावरसुद्धा हा टायरबदल तीन किलोंच्या तोडीस तोड ठरतो. नाक्यावरच्या सायकलवाल्या आजोबांनी माझी कार्बनची सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा फ्रेमकडे बघितलंही नाही. अंगठ्यानं टायर दाबला आणि "हवा" एवढंच म्हणाले. मला तेव्हा ते अरसिक वाटले होते.

आणि वारा! तोक्योच्या आखातावरून समोरून ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा आला, की त्याच वेगासाठी शंभराऐवजी पावणेदोनशे वॉट लागतात. कासाई रिन्काई बागेकडे जाताना ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांना आकडे सांगायला नकोत. तिथे हलकी फ्रेम कामाला येत नाही. कोपर वाकवून थोडं खाली झुकलेलं बरं.

चाकाचं वजन दुप्पट मोजतात असंही ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण वेग पकडतानापुरतं. चाकाच्या कडेचं वजन पुढेही जातं आणि फिरतंही, म्हणून सिग्नलला थांबून पुन्हा निघताना ते फार तर दुप्पट भासतं. एकसारख्या चढावर मात्र चाकातला किलो आणि फ्रेममधला किलो सारखेच.

जड सायकलींनी सुरू झालेला खेळ

गंमत म्हणजे हा माउंटन बाइकचा खेळ सुरू झाला तोच जड सायकलींवर. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुण १९३०-४० सालच्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली गोळा करून डोंगरावरून खाली सोडायचे. वीस किलोच्या पुढेमागे भरणाऱ्या त्या सायकली. १९७६ च्या ऑक्टोबरात तिथे 'रीपॅक' नावाची पहिली शर्यत झाली. उतारावर मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, त्यावरून हे नाव. सायकली वर न्यायला बहुधा ट्रक असे. उतारावर वजनाचं दुःख कुणाला? दुःख सुरू झालं ते स्वतःच्या पायांनी वर चढायचं ठरवल्यावर. मग गियर आले आणि जो ब्रीझसारख्यांनी खास या कामासाठी नव्या फ्रेम बनवल्या.

आणि इथे जपान येतो. १९८१ साली मोठ्या संख्येनं बनवून विकायला आलेली 'स्टम्पजंपर' ही माउंटन बाइक जपानमध्ये तयार झाली होती. १९८२ मध्ये ओसाकाजवळच्या साकाईच्या शिमानो कंपनीनं डोंगरासाठी खास गियर आणि ब्रेकचा संच काढला. १९९६ साली अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, इझूच्या डोंगरात टॉम पिडकॉक आणि योलांडा नेफ यांनी सुवर्णपदकं घेतली.

रस्त्यावरच्या शर्यतीत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. माउंटन बाइकला तशी किमान वजनाची अट नाही. तरीही वरच्या दर्जाचे बरेच स्पर्धक मागच्या चाकालाही स्प्रिंग असलेली, म्हणजे थोडी जडच सायकल निवडतात. कारण दगडधोंड्यांवर चाक जमिनीला चिकटून राहिलं आणि अंगाला हादरे कमी बसले, तर वाढलेल्या वजनाची किंमत वसूल होते. थोडक्यात, वजन कामाचं असेल तर ते ओझं नव्हे. चिरंजीवांच्या सायकलीवरच्या त्या दोन स्प्रिंगा मात्र निव्वळ ओझं होत्या.

आपल्याकडेही मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान असतो. सपाटीवरचा वेग वेगळा आणि घाट वेगळा, हे आपल्या लोकांना कधीपासूनच ठाऊक आहे. आणि घाट गावाजवळ नसला तरी अडत नाही. एदोगावासारख्याच सपाट नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याआधी २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत दोघांच्या संघात पुरी केली होती. एवढं अंतर काही सायकलीच्या ग्रॅममध्ये मोजून पार होत नाही.

मग वजन कुठे मोजायचं?

माझ्यापुरतं उत्तर असं. जिथे सायकल आपल्याला वाहते, तिथे सपाटीवर तिचं वजन विसरावं; हवा, टायर, चेनचं तेल, सीटची उंची आणि ब्रेक यांच्याकडे लक्ष द्यावं. चढावर सगळी बेरीज मोजावी. आणि जिथे आपण सायकलीला वाहतो, म्हणजे स्टेशनचे जिने, दुमजली स्टँडची वरची फळी, गाडीतून न्यायची पिशवी, तिथे मात्र एकेक किलो खरा. तीन किलो कमी केल्याचं समाधान मला खिंडीत मिळालं नाही तेवढं स्टेशनच्या जिन्यात मिळतं.

मोटर असेल तर सगळंच गणित बदलतं. यामाहानं १९९३ साली पायडलला विजेची साथ देणारी पहिली सायकल बाजारात आणली. आज एदोगावातल्या आया मागेपुढे दोन पोरं बसवून तीस किलोच्या सायकलीवरून कियोसुनाचा पूल चढतात आणि माझ्या कार्बनला शांतपणे मागे टाकून जातात. इथल्या नियमानुसार ताशी दहा किलोमीटरपर्यंत मोटर माणसाच्या जोराच्या दुप्पट मदत करू शकते. पुढे ती घटत जाऊन चोवीसला संपते. तेव्हा त्या माउलींशी स्पर्धा नको.

मुलांची गोष्ट मात्र निराळी. तिथे सायकलीचं वजन सगळ्यात आधी बघावं. एक अंदाज म्हणून सांगतो, सायकल मुलाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल तर पोर आनंदात चालवतं. निम्म्यावर गेली की ते तिला ढकलतंच. खोट्या स्प्रिंगा नकोत. पुढचं चेनव्हील लहान आणि मागचं फ्रीव्हील मोठं असा हलका गियर असावा. त्यानं काम कमी होत नाही, पण लहान पायांना ते थोडं थोडं करता येतं.

आणि महाग वाटत असेल तर आपल्यातच विचारा. निशी-कासाईत दर वर्षी कुणी ना कुणी भारतात परत जातं, कुणी सिंगापूरला, कुणी लंडनला. त्यांच्या मुलांच्या चांगल्या सायकली बाल्कनीत पडून असतात. आम्हाला अशीच एक मिळाली. १०.१ किलोची, चोवीस इंची चाकांची, पुढे स्प्रिंग नसलेली. बदल्यात त्यांना हवी होती ती आमची पुरणयंत्र आणि मोदकाचा साचा! मात्र इथे सायकलीची नोंदणी मालकाच्या नावावर असते, ती बदलून घ्यायला विसरू नका; नाहीतर चौकात पोलिसांनी थांबवल्यावर मुलाची पंचाईत होते.

सायकल आली तेव्हा मी काही बोललो नाही. दारात उभी करून ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यानं ती एका हातानं उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाला, "जरा बांधापर्यंत जाऊन येतो."

पुढच्या एप्रिलमध्ये आम्ही परत फुदो खिंडीत गेलो. तीन वेळा तो थांबला, पाणी प्यायला, पण उतरून चालला नाही. मी मागे राहिलो, मुद्दाम नव्हे, खरंच. आणि या वेळी भाषण केलं नाही. करायला दमही उरला नव्हता.

तेव्हा मंडळी, कार्बन जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त पोराला "जोर लाव" म्हणण्याआधी त्याची सायकल एकदा उचलून बघा.